मदत हवी आहे : स्टिअरिंगला गिअर असलेली जुनी पिकअप कुठे मिळेल?

नमस्कार.

मी दादरला राहतो. गेले आठ महिने मी एक जुनी पिकअप शोधत आहे. तिच्याबाबत माझी अट एकच आहे : गिअर मॅन्युअल असावा आणि त्याचा दांडा पायांजवळ खाली नसून स्टिअरिंगच्या खांबाला असावा. ही अट ऐकल्यावर गाड्यांचे दलाल आधी हसतात आणि मग खालच्या गिअरची एखादी गाडी दाखवतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

हा हट्ट निव्वळ हौसेचा नाही. आमची सफाळ्याजवळ थोडी चिकूची बाग आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि आई, तिकडे जातो. जाताना खताच्या गोणी असतात, येताना चिकूची खोकी असतात. तिघांना पुढेच बसायचे असेल तर सीट सलग हवी, आणि खालून दांडा वर आलेला असला की मधल्या माणसाला गुडघे एका अंगाला वळवून बसावे लागते. दोन तास तसे बसणे आईच्या गुडघ्यांना जमत नाही. दांडा स्टिअरिंगला असला की पुढची जमीन मोकळी राहते आणि हा प्रश्नच मिटतो.

दुसरे कारण सवयीचे आहे. माझ्या वडिलांनी एकोणीस वर्षे काळी-पिवळी फिएट चालवली आणि मीही तिच्यावरच शिकलो. उजवा हात चाकावर, डावा हात चाकाखालच्याच दांड्यावर आणि नजर रस्त्यावर, हे एकदा अंगात मुरले की खालचा गिअर टाकताना अजूनही माझा हात आधी वर जातो. त्या दांड्याचा सांधा झिजला की दांडा वीतभर हलायचा आणि गिअर मात्र पडायचा नाही. तेव्हा वडील ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने गोल कापत, त्याला मधोमध खिळ्याने भोक पाडत आणि ती चकती सांध्यात बसवत. महिनाभर काम भागायचे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की या गिअरच्या खोड्या मला ठाऊक आहेत. ‘त्रास होईल, नका घेऊ’ या सल्ल्याची मला गरज नाही.

आता आतापर्यंत काय शोधले ते लिहितो, म्हणजे त्याच वाटेने कोणी मला पुन्हा पाठवणार नाही.

परदेशात हा प्रकार पिकअपमध्ये सर्रास होता. शेवरोलेने १९४८ मध्ये तीन गिअरचा दांडा जमिनीवरून स्टिअरिंगला नेला, आणि अमेरिकेतल्या साध्या, कामाच्या पिकअपमध्ये तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. तिथे ‘झाडावरचे तीन’ अशा अर्थाचे त्याचे लाडके नाव आहे. टोयोटाची १९६८ ची पहिली हायलक्स जपानमध्ये चार गिअरची होती आणि तिचाही दांडा स्टिअरिंगलाच होता. फ्रेंच प्यूजो ४०४ च्या पिकअपचेही तेच. मात्र संकेतस्थळांवर शोधताना एक घोटाळा होतो. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांचा दांडाही पुष्कळदा स्टिअरिंगलाच असे, त्यामुळे निम्म्याहून अधिक छायाचित्रे भलत्याच गाड्यांची निघतात. मी आता आधी पेडल मोजतो. तीन असतील, म्हणजे क्लचही असेल, तरच पुढे पाहतो.

अर्थात ही माहिती मुंबईत फारशी उपयोगी नाही. जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ ते १९५४ या काळात आपल्या शिवडीलाच होता, आणि त्या काळातल्या शेवरोले अजून संग्राहकांकडे दिसतात. परंतु तिथल्या किमती आणि माझे अडीच लाखांचे बजेट यांची गाठ पडणे शक्य नाही. परदेशातून गाडी आणण्याचाही विचार नाही.

आपल्याकडे स्टिअरिंगचा गिअर म्हटले की लोकांना दोनच गाड्या आठवतात : कुर्ल्याला तयार झालेली फिएट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि अँबॅसडर. दोन्हींना चार गिअर, दोन्हींना सलग सीट, पण दोन्ही मोटारी. हौदा कोणालाच नाही. हौद्याची गाडी म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येते ती बजाज टेम्पोची मॅटॅडोर. १९६९ पासून निघालेल्या या गाडीचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना. आमच्या चाळीखाली एका मंडपवाल्याची मॅटॅडोर उभी असायची आणि तिच्या स्टिअरिंगच्या दांड्याला लाल काचेचा गोळा होता, हे मला पक्के आठवते. हिंदुस्थान मोटर्सच्या पोर्टर या पिकअपबद्दल मात्र प्रत्यक्ष चालवलेल्या माणसाकडून ऐकायला आवडेल.

दोन गाड्या पाहून आलो आणि दोन्ही सोडल्या. पहिली भिवंडीला होती. जाहिरातीत ‘कंपनी फिटिंग पिकअप’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात ती मागून कापलेली अँबॅसडर होती. मागचे दरवाजे वेल्डिंग करून बंद केलेले, डिकीच्या जागी पत्र्याचा हौदा, आणि आरसी बुकात अजूनही ‘सलून’, म्हणजे बंद डिकीची मोटार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा असा बदल चालत नाही, हे मी मालकाला सांगितले तेव्हा त्याने ‘वीस वर्षे चालली, तुम्हालाच कोण विचारतो’ असे उत्तर दिले. दुसरी पेणजवळ एका वीटभट्टीवर उभी असलेली मॅटॅडोर. दांडा सुंदर होता, चारही गिअर बंद इंजिनावर नीट पडत होते, पण चेसिसवरचा नंबर गंजाने इतका खाल्ला होता की शेवटचे तीन आकडे बोटाने चाचपूनही लागले नाहीत. आरसी बुकाशी जुळवून पाहणार कसा? मन घट्ट करून परतलो.

वयाचाही एक पेच आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. चिकूची खोकी त्यात कुठेच बसत नाहीत. म्हणून मला पन्नाशीच्या अलीकडची, चालू आरसीची आणि पासिंग होऊ शकेल अशी गाडी हवी आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला वेगळे परमिट लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय आहे.

तर माझे प्रश्न असे आहेत. मुंबई, ठाणे, पालघर किंवा रायगड भागात स्टिअरिंगचा गिअर असलेली मूळ पिकअप कोणाच्या पाहण्यात आहे का? जाहिरातींत न येणाऱ्या अशा गाड्या नेमक्या कोणाकडे पडून असतात? आणि घेतलीच, तर दांड्याखालच्या सळ्या आणि बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) यांचे सामान आज मुंबईत कुठे मिळते?

प्रतिसाद १

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. अशा गाड्या जाहिरातीत येत नाहीत, कारण त्यांच्या मालकांना त्या विकण्यासारख्या वाटतच नाहीत. बर्फाचे कारखाने, बेकऱ्या, मंडपवाले, वीटभट्ट्या आणि बंद पडलेले छोटे कारखाने यांच्या आवारात मागच्या भिंतीला लागून त्या उभ्या असतात. त्यापलीकडचे ठिकाण म्हणजे चित्रपटांना जुन्या गाड्या भाड्याने पुरवणारे लोक. गोरेगाव भागात त्यांचा राबता असतो. जुन्या काळातला रस्ता दाखवायचा तर त्यावर एखादी मालवाहू गाडी लागतेच, म्हणून ते पिकअपही राखून असतात. ते सहसा विकत नाहीत, पण कोणाकडे काय पडले आहे याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया मुंबईतच आहे. त्यांच्या रॅलीच्या दिवशी मालकांपेक्षा मिस्त्र्यांशी गप्पा मारा, हा माझा अनुभवाचा सल्ला.

सामानाचे म्हणाल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसच्या गल्ल्या पालथ्या घाला. फिएटचे अजून मिळते. मॅटॅडोरसाठी जुना तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जावे आणि गनमेटलचा, म्हणजे एका तांबेमिश्रित धातूचा, बुश कातून घ्यावा. दुकानातल्या रबरी बुशपेक्षा तो जास्त टिकतो.

प्रतिसाद २

बंद इंजिनावर गिअर पडले म्हणून गाडी घेऊ नका. स्टिअरिंगच्या खांबाच्या तळाशी सहसा दोन आखूड ‘हात’, म्हणजे गिअरच्या सळ्या हलवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, असतात. तीन गिअरच्या गाडीत एक हात पहिला आणि रिव्हर्स यांचा, दुसरा उरलेल्या दोघांचा. झीज झाली की एक हात न्यूट्रलला पूर्ण परत येण्याआधीच दुसरा हलतो आणि दोन्ही अडकतात. मग दांडा दगडासारखा घट्ट. बॉनेट उघडून दोन्ही हात हाताने सरळ रेषेत आणले की सुटते, पण पुलावर मागे बस उभी असताना ते करून पाहा! चार गिअरच्या गाड्यांत रचना थोडी वेगळी असली तरी रोग तोच. म्हणून गाडी तापल्यावर, चढावर, पहिल्यातून दुसऱ्यात घाईने टाकून पाहावे. अडकायची असेल तर तिथेच अडकते.

आणखी एक. पेणच्या गाडीचा चेसिस नंबर पाहण्यापूर्वी तुम्ही तिथे रॉकेल लावून तारेचा ब्रश फिरवला होता का? वरचा गंज निघाला की पुष्कळदा आकडे दिसतात. आम्ही कागद ठेवून पेन्सिलीने ठसाही घेतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ब्रश फिरवला नव्हता, हे कबूल करतो. नखाने खरवडले आणि हताश होऊन निघालो.

काल त्या मालकांना फोन केला. गाडी अजून तिथेच आहे, फक्त तिच्या हौद्यात आता कोंबड्या बसतात. येत्या रविवारी रॉकेलची बाटली, तारेचा ब्रश, कागद आणि शिसपेन्सिल घेऊन जात आहे. आकडे आरसी बुकाशी जुळले तर वीटभट्टीचा चढ आहेच. बॅटरी चढवून इंजिन चालू झाले, की पहिल्यातून दुसऱ्याची परीक्षा तिथेच घेईन. गनमेटलचा बुश कातून देणारा लेथवाला दादर-परळ भागात कोणाच्या माहितीचा असेल तर तेवढे मात्र अजून हवे आहे, कारण मी ओळखत होतो त्याचा गाळा आता टॉवरखाली गेला आहे.