१४० फोटोंच्या स्लाइड एका झटक्यात कशा कराव्यात?

कोरीपाटी:
महाराष्ट्रातल्या बारवांवर (पायऱ्यांच्या विहिरींवर) ४० मिनिटांचं सादरीकरण करायचं आहे. १४० फोटो एका फोल्डरमध्ये आहेत. काही कॅमेऱ्याचे, काही आयफोनचे, काही व्हॉट्सॲपवर आलेले, त्यात आडवे-उभे मिसळलेले. एका स्लाइडवर एक फोटो आणि खाली ठिकाणाचं नाव हवं. घरी विंडोजवर पॉवरपॉइंट आहे. सभागृहातला प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८ चा. एकेक फोटो ओढत बसायचं नाहीये. जाणकारांनी सुचवावं.

टिपकागद:
पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे, वेगळं काही उतरवू नका. इन्सर्ट, मग फोटो अल्बम, न्यू फोटो अल्बम. उघडलेल्या चौकटीत 'फाइल/डिस्क' दाबून फोल्डरमधले सगळे फोटो निवडा. खाली 'पिक्चर लेआउट' मध्ये आधीपासून 'फिट टू स्लाइड' असतं, ते बदलून '१ पिक्चर' करा. तसं केल्याशिवाय 'कॅप्शन्स बिलो ऑल पिक्चर्स' हा पर्याय फिकाच राहतो आणि लोकांना वाटतं आपल्या आवृत्तीत तो बंद आहे. टिक करा, क्रिएट दाबा. प्रत्येक फोटोखाली त्याच्या फाइलचं नाव येतं.

म्हणजेच खरं काम फोल्डरमध्ये आहे. फाइलला 'आयएमजी_४४१२' नाव असेल तर स्लाइडवरही तेच दिसणार. एक्स्प्लोररमध्ये पहिली फाइल निवडून एफ२ दाबा, नाव टाइप करा आणि एंटरऐवजी टॅब दाबा. कर्सर थेट पुढच्या फाइलच्या नावात जातो, माउसला हात लावावा लागत नाही. '००१ बारामोटेची विहीर, लिंब', '००२ चक्राकार बारव, वालूर' अशी नावं द्या. आकडे तीन अंकी आणि इंग्रजी कीबोर्डवरचेच असू द्या, नाहीतर कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममध्ये १ नंतर १० येतोच. नावात तिरकी रेघ, विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि प्रश्नचिन्ह विंडोज घेत नाही.

आणि एक गंमत. फाइल निवडताना पहिलीवर क्लिक करून शिफ्ट धरून शेवटचीवर क्लिक केलंत, तर शेवटचा फोटो यादीत सगळ्यात वर जाऊन बसतो. उलटं करा: आधी शेवटच्या फाइलवर क्लिक, मग शिफ्ट धरून पहिलीवर. तरीही क्रिएट दाबण्याआधी यादीवर एकदा नजर टाका. क्रम बदलायला खाली बाण आहेत, आडवा पडलेला फोटो सरळ करायला फिरवायची बटणंही तिथेच आहेत.

चौकटराजा_२:
टिपकागद यांना अनुमोदन, पण नावं देण्याआधी फोटो एका जातीचे करून घ्या.

आयफोनचे फोटो हेइक (.heic) स्वरूपात असतील तर काही विंडोज संगणकांवर ते उघडतच नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोज (नव्या आयओएसमध्ये आधी 'ॲप्स', मग फोटोज), त्यात अगदी खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी', तिथे 'ऑटोमॅटिक' ठेवून केबलने उतरवा, जेपीजी होऊन येतात. व्हॉट्सॲपवाल्या मंडळींकडून फोटो पुन्हा मागवा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि काढल्याची तारीखही पुसलेली असते. त्यामुळे तारखेवरून क्रम लावायला गेलात तर हे फोटो भलतीकडे जातात.

मग आकार. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, वजन ३ ते ५ एमबी. असे १४० घातले की फाइल अर्ध्या जीबीच्या घरात जाते आणि सभागृहातला लॅपटॉप प्रत्येक स्लाइडला घुटमळतो. फोटो बघायचा-बदलायचा इर्फानव्ह्यू हा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट आहे. त्यात बी दाबलं की बॅच कन्व्हर्जन (सगळे फोटो एकदम बदलायची चौकट) उघडतं. ॲडव्हान्स्डमध्ये लांब बाजू १९२० ठेवा, जेपीजीची गुणवत्ता ८५. लहान फोटो मोठे करू नयेत अशी खूण तिथेच आहे, ती विसरू नका, नाहीतर व्हॉट्सॲपचे फोटो फुगून पिठूळ दिसतात. निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, मूळ फोटोंना हात लावू नका.

तुमच्या प्रोजेक्टरला १९२० हे जास्तच आहे, पण हेच सादरीकरण पुढे दुसरीकडे दाखवाल तेव्हा उपयोगी पडेल.

सरळरेषा:
प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. पॉवरपॉइंटचा अल्बम नव्या फाइलमध्ये १६:९ चा तयार होतो. तो तसाच दाखवलात तर पडद्यावर १०२४ बाय ५७६ एवढाच भाग वापरला जाईल, वर-खाली मिळून पाव पडदा काळा. डिझाइन, स्लाइड साइझ, स्टँडर्ड ४:३ करा. पॉवरपॉइंट विचारेल 'मॅक्झिमाइझ' की 'एन्शुअर फिट'. इथे मॅक्झिमाइझ घ्या. एन्शुअर फिट घेतलंत की सगळे फोटो आक्रसतात आणि चारही बाजूंनी जागा सुटते. मॅक्झिमाइझनंतर कॅमेऱ्याचे ३:२ वाले फोटो कडेबाहेर गेलेत का ते स्लाइड सॉर्टरमध्ये (सगळ्या स्लाइड एकत्र दिसतात तिथे) बघा.

हे सगळं झाल्यावरच हाताने सजावट करा. नंतर 'एडिट फोटो अल्बम' मध्ये जाऊन अपडेट दाबलंत तर हाताने केलेले बदल उडू शकतात.

कोरीपाटी:
धन्यवाद! उभे फोटो ३० च्या आसपास आहेत. ते दोन-दोन एका स्लाइडवर टाकू का? आणि पॉवरपॉइंट नसलेल्या मित्राला हेच करायचं असेल तर?

सरळरेषा:
४:३ वर नको. स्लाइड १० इंच रुंद, ७.५ इंच उंच. पूर्ण उंचीचा उभा ३:४ फोटो ५.६ इंच रुंद होतो, दोन मिळून ११ च्या वर. मावत नाहीत, लहान करावे लागतात. १६:९ वर (१३.३३ इंच) छान बसले असते. बारवेच्या पायऱ्यांचा उभा फोटो एकटाच मोठा दाखवा, खोली त्यातच कळते.

चौकटराजा_२:
मित्रासाठी लिबरऑफिस इम्प्रेस. इन्सर्ट, मीडिया, फोटो अल्बम. तिथे अल्बम उघड्या फाइलमध्येच येतो, म्हणून स्लाइडचा आकार आधीच ठरवून घ्या. 'लिंक इमेजेस' वर टिक नको. ती राहिली की फोटो फाइलमध्ये येतच नाहीत, पेन ड्राइव्हवर फक्त सादरीकरण नेलं की तिथे रिकाम्या चौकटी. गूगल स्लाइड्सपेक्षा हे बरं, तिथे निवडलेले सगळे फोटो एकाच स्लाइडवर ढिगाने पडतात.

घडवंची:
एक आगाऊ शंका: ४० मिनिटांत १४० म्हणजे स्लाइडमागे १७ सेकंद. बोलणार कधी? एकेका बारवेचे तीन निवडा, बाकीचे मागे ठेवा, कोणी विचारलं तर दाखवायला.

मराठी नावांचा फाँट निर्मला यूआय ठेवा, विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. दुसरा कुठला आवडत असेल तर ऑप्शन्स, सेव्ह मध्ये 'एम्बेड फाँट्स' करून ठेवा, म्हणजे फाँट फाइलसोबतच जातो.

कोरीपाटी:
पटलं, ६० वर आणतो. पण नावाआधी ००१, ००२ दिसणार ना? ते काढायचे कसे?

टिपकागद:
काढू नका, उपयोगाचे आहेत. स्लाइड शो चालू असताना आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. कोणी 'ती वालूरची परत दाखवा' म्हणालं की मागे-मागे जावं लागत नाही. फक्त अल्बम स्वतःची एक शीर्षक स्लाइड सुरुवातीला घालतो, त्यामुळे आकडा एकाने चुकतो. नावं ००२ पासून सुरू करा, जुळेल.