मदत हवी आहे: १७ फुटी जुन्या फायबर स्पीडबोटीचं इंजिन आधी करू की सांगाडा?

सिंदफणाकाठ

राम राम मंडळी. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागणं बरोबर नाही.

मी माजलगावचा. मोटार रिवाइंडिंग आणि डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. माझे मामा मुंबईला गोदीत फिटर होते. १९९६ ला त्यांनी लिलावात एक फायबरची स्पीडबोट घेतली. १७ फुटी, तळ खोल व्ही आकाराचा, मागे इंजिन आतमध्ये आणि ड्राइव्ह (पंखा फिरवणारा गिअरचा भाग) बाहेर. रिटायर झाल्यावर २००४ ला ट्रकवर घालून गावाकडं आणली. वजन कमी करायला इंजिन मुंबईतच उतरवलं होतं, इथं आल्यावर मामांनी स्वतः परत बसवलं. तीन हिवाळे ती आमच्या धरणात पळाली. २००७ ला एक दिवस सेल्फ मारला तर इंजिन फिरंना. तेव्हापासून शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे.

मामा आता ७६ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत म्हणले, "एकदा धरणात सोड तिला, मी काठावर बसून बघतो." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

इंजिन पेट्रोलचं, चार सिलिंडर, तीन लिटर, १४० हॉर्सपॉवर. हेड उघडलंय. तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन गंज धरलाय, पिस्टन तिथंच चिकटलाय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून पूर्ण सडलाय, मुंबईचं खारं पाणी.

माझ्यापुढं तीन रस्ते आहेत. हेच इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) किंवा स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसणारी नवी नळी) टाकून उभं करायचं. किंवा इथले सगळे मित्र म्हणतात तसं भंगारातून जीपचं डिझेल इंजिन आणून बसवायचं, त्याचं काम मी डोळे झाकून करू शकतो. किंवा मागचं भोक बंद करून आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन, लावायचं. बजेट तीन लाख, तेही दोन वर्षांत मिळून.

बाहेरून फायबर चांगलं दिसतं. जेलकोट (फायबरवरचा रंगीत चकचकीत थर) पांढरा पडलाय, दोन-चार ठिकाणी केसासारख्या चिरा आहेत. पॉलिश करून निघेल असं वाटतं. तेव्हा आधी इंजिनचं ठरवावं म्हणतो. कोणतं करू?

मालवणी_फायबर

भाऊ, जेलकोट विसरा. इंजिनही आठ दिवस विसरा. १९ वर्षं उभी असलेल्या बोटीत पहिला प्रश्न लाकडाचा असतो. तुमच्या बोटीच्या तळाशी लांबीला दोन वासे आहेत, त्यांना आम्ही स्ट्रिंगर म्हणतो. मागची जाड भिंत म्हणजे ट्रान्सम. दोन्ही आतून लाकूड, वरून फायबरचं कवच. फायबर कुजत नाही, पण एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की आतलं प्लाय काळा भुसा होतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन याच वाशांवर बसतं, ड्राइव्हचा सगळा धक्का याच भिंतीवर येतो.

उद्या ही कामं करा. छोट्या हातोडीने ट्रान्सम आणि वासे ठोकत जा. कोरडं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं भद् वाजतं. जिथं भद् वाजेल तिथं आतल्या बाजूने, अगदी खाली, ६ मिमीचं भोक पाडा आणि बिटावर काय येतं ते बघा. पिवळा कोरडा भुसा आला तर नशीब. काळं ओलं आलं तर ते लाकूड गेलं.

दुसरं, बोट काट्यावर तोलली आहे का? फ्लोअरच्या खाली फोम भरलेला असतो. जुना फोम पाणी पितो, आणि फ्लोअर बंद असल्याने ते वर्षानुवर्षं सुकत नाही.

तिसरं माप स्पीडबोटीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. गवंडी वापरतात ती सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी घ्या आणि तळाच्या मागच्या टोकाला लांबीच्या दिशेने लावा. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असतील तर इतक्या वर्षांत तळ तिथं वाकतो. शेवटच्या चार-पाच फुटांत मध्ये पोकळी दिसली तर ती बोट वेगात नाक खाली दाबते. कितीही ताकदीचं इंजिन लावा, तिला तो बाक नडतोच.

निवृत्त_इंजिनरूम

मालवणकरांनी मूळ मुद्दा सांगितलाच. मी फक्त जीपच्या इंजिनबद्दल लिहितो, कारण ही कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं आणि तिच्यात धोका आहे.

गाडीचं इंजिन सपाट रस्त्यावर बहुतेक वेळ आरामात असतं. बोटीचं इंजिन सतत घाट चढत असतं. शिवाय तुमची बोट ९०० किलोच्या घरातली असणार. ती पाण्याला चिरत नाही, पाण्यावर उचलली जाते, आणि तिला उचलायलाच खरी ताकद लागते. जीपचं ६५-७० हॉर्सपॉवरचं जड डिझेल तिला जेमतेम उचलेल. तुमच्या ड्राइव्हचा गिअर ४४०० ते ४८०० फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनासाठी कापलेला आहे. डिझेल ३५०० च्या आसपासच दमतं. म्हणजे पंखा हळू फिरणार आणि टॉर्कचा झटका मात्र ड्राइव्हच्या गिअरवर येणार.

आणि कुणी गाडीचं पेट्रोल इंजिन सुचवलं तर साफ नाही म्हणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून उडून जाते, बोटीत तळात साचून राहते. म्हणून बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या बनावटीचे असतात, कार्ब्युरेटरवर ज्वाळा अडवणारी जाळी असते, ओव्हरफ्लो झालं तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनाच्या आतच जातं. दिसायला तोच स्टार्टर निम्म्या किमतीत मिळतो, पण तो लावू नका. कोणतंही पेट्रोल इंजिन बसवा, सेल्फ मारण्याआधी ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवायचाच.

तुमचा ब्लॉक बहुतेक जनरल मोटर्सचा १८१ क्युबिक इंचाचा असावा. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०१.६ मिमी निघाला तर तोच. साधं, दणकट इंजिन आहे. एका सिलिंडरला स्लीव्ह टाकून ते पुन्हा उभं राहतं, आणि ही कला तुमच्या लेथवाल्याकडे नक्की आहे. मॅनिफोल्ड आणि त्यावरचा कोपरा मात्र नवीनच घ्या, वेल्डिंग करू नका. त्यातूनच पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं.

पैठणकर_गोदा

दादा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. "नाथसागरात मोठं पाणी आहे, तिथं पळवू" असा विचार असेल तर तो सोडा. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी उतरतात, स्पीडबोटीचा आवाज त्यांना चालत नाही. माजलगावातही जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागेल. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदाही आहे, इंजिनावर चालणाऱ्या होडीला नोंदणी आणि तपासणी लागते. कागदाला वेळ जातो, म्हणून तो अर्ज आत्ताच टाका. काठावर बसलेल्या मामांसमोर कुणी बोट अडवली तर फार वाईट वाटेल.

सिंदफणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नाथसागराचा विचार नव्हता, मामांना आपलंच धरण बघायचंय. अर्ज सोमवारी देतो.

सांगितलेलं सगळं केलं. गेल्या महिन्यात साखर कारखान्याचा काटा बंद व्हायच्या आत ट्रेलरसकट तोलून आणली होती, पण त्या आकड्याचा अर्थ आज कळला. ट्रेलर वजा करून १०४० किलो. म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो पाणी फोममध्ये बसलंय.

ट्रान्सम वरच्या अर्ध्यात टणटण, खालच्या अर्ध्यात भद्. भोक पाडलं तर बिटाच्या मागोमाग काळं पाणी आलं, आंबलेल्या कडब्यासारखा वास. डावा वासा इंजिनच्या जागी पूर्ण गेलाय, उजवा निम्मा. तळाला पट्टी लावली, मधली फट ३ मिमीसुद्धा नाही. तेवढं एक चांगलं निघालं.

म्हणजे आधी सांगाडा. डिझेलचा विषय मी सोडला. आता प्रश्न कामाचा. सध्या एप्रिल आहे, इथं दुपारी ४१-४२ अंश. पावसाळ्याच्या आत लाकूड बदलून फायबर मारून घेऊ का? रेझिन पॉलिएस्टर घेऊ की इपॉक्सी? आणि दोन्ही वासे एकदम काढले तर चालेल का?

मालवणी_फायबर

दोन्ही वासे एकदम अजिबात काढू नका! तळाला आधी दर दोन फुटांवर बोटीच्या आकाराचे लाकडी आधार द्या, पाणसळीने तपासा, मग एक वासा काढा, तो पूर्ण बसवा, मगच दुसरा. आज तुमचा तळ सरळ आहे, तो याच कामात वाकतो.

तुमच्या मराठवाड्याच्या उन्हाची मला असूया वाटते. आमच्याकडे बोट सुकवायला महिनोन्महिने लागतात. एप्रिल-मेमध्ये फ्लोअर कापा, ओला फोम आणि सडकं लाकूड काढा, शेडची दारं उघडी ठेवून नुसती सुकू द्या. पावसाळ्यात फायबरला हात लावू नका. लॅमिनेशन, म्हणजे रेझिन लावून फायबरचे थर चढवणं, दिवाळीनंतर करा. ४२ अंशांत पॉलिएस्टरचा मगा ब्रश भिजवेपर्यंत जेली होतो. लोक मग हार्डनर एक टक्क्याच्या खाली आणतात आणि थर कायमचा कच्चा राहतो. नोव्हेंबरच्या सकाळी २५ अंशांत तेच रेझिन शांतपणे काम करू देतं.

जुन्या फायबरवर नवा थर चिकटवायला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. ट्रान्समला तेच वापरा. फक्त लक्षात ठेवा, साध्या चॉप मॅटमधला (तुकड्या धाग्यांची फायबर चटई) बाइंडर, म्हणजे धागे धरणारा डिंक, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, तेव्हा त्यासोबत शिवलेलं किंवा विणलेलं कापड घ्या. पैसे कमी पडले तर वासे पॉलिएस्टरने करा, पण जुनं फायबर ग्राइंडरने धागे दिसेपर्यंत खरवडून मगच. कडा जाडीच्या बारा पट लांब उतरत्या करा. कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट करायला घालतात ते द्रव) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. घरातल्या पोरांना त्या बाटल्यांपासून लांब ठेवा.

प्लाय आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का बघूनच. आयएस ३०३ चा स्वस्त मिळतो, तो नको.

निवृत्त_इंजिनरूम

वासे कापण्याच्या आधी इंजिनच्या चारही पायांची उंची, ट्रान्समपासूनचं अंतर आणि मधली रेषा यांचा साचा बनवा. नवीन वासा ५ मिमी इकडे-तिकडे झाला तर ड्राइव्हचा शाफ्ट कपलरमध्ये (इंजिनाला शाफ्ट जोडणाऱ्या भागात) सरळ जात नाही, आणि कपलर काही तासांत जळतो.

ट्रान्सममधून ड्राइव्ह जातो तिथला रबरी घड्यांचा पाइप नवाच घ्या. तो फाटला तर बोट उभ्या जागी बुडते.

पंख्याचा हिशेब आत्ताच सांगून ठेवतो. ड्राइव्हचा रेशो १.९४ असेल आणि पंखा १९ पिचचा, तर ४६०० फेऱ्यांना पंखा २३७१ वेळा फिरतो, दर फेरीला १९ इंच. हे तासाला जवळपास ६९ किमी झालं. घसरण धरून ५८-६० मिळतील. पण तुम्ही समुद्रसपाटीवर नाही. दर ३०० मीटर उंचीला साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाची सुमारे ३ टक्के ताकद जाते, तुमचं गाव चारशेच्या वर आहे, वर उन्हाळा. तेव्हा १७ पिच घ्या. दर इंचाला दीडशे-दोनशे फेरे वाढतात, इंजिन दमत नाही.

सिंदफणाकाठ

साचा करायला बसलो तेव्हा मामा काठी टेकत वर्कशॉपात आले. त्यांनी २००४ ची डायरी आणली होती. इंजिन परत बसवताना त्यांनी चारही पायांची मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलीयत, शिसपेन्सिलीने, शेजारी आकृती काढून.

आजची मापं आणि डायरीतली मापं शेजारी शेजारी मांडली. उजवीकडं ४ मिमीचा फरक. डावीकडं ११ मिमी. इंजिन त्या सडक्या वाशावर एवढं खाली बसलंय. २००७ च्या हिवाळ्यात मामा म्हणायचे, ड्राइव्हमधून गुरगुर येते. आम्ही सगळे तेव्हा ड्राइव्हच खोलत बसलो होतो.

साचा आत्ताच्या मापाने करू की डायरीच्या?

निवृत्त_इंजिनरूम

डायरीच्या. आणि नवा ट्रान्सम जुन्याच जाडीचा करा, नाहीतर ही मापं जुळणार नाहीत. कपलरही बदला, गुरगुर येत होती तेव्हा तो वाकडा फिरला असणार. मामांना माझा नमस्कार सांगा.

सिंदफणाकाठ

सांगितला. त्यांनी डायरी माझ्याकडंच ठेवलीय. रविवारी सकाळी फ्लोअर कापतो, फोटो इथंच टाकतो.