मदत हवी आहे : वेल्सचे १९६६ हे वर्ष आणि नावांचा उच्चार

नमस्कार. वेल्सच्या इतिहासातील १९६६ या एकाच वर्षावर मी मराठीत टिपण लिहीत आहे आणि दोन ठिकाणी अडलो आहे.

खासदार मेगन लॉइड जॉर्ज यांच्या निधनानंतर वेल्समधील कारमार्थन मतदारसंघात १४ जुलै रोजी झालेल्या पोटनिवडणुकीत ग्विनवोर एव्हान्स २,४३६ मतांनी निवडून आले व प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाला पहिला खासदार मिळाला. ८ सप्टेंबरला इंग्लंडहून वेल्सकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा सेव्हर्न पूल खुला झाला (गंमत म्हणजे त्याची दोन्ही टोके इंग्लंडमध्येच आहेत). मात्र टिपणाचा मोठा भाग २१ ऑक्टोबरला Aberfan या खाणगावात झालेल्या दुर्घटनेचा आहे. डोंगरउतारावर झऱ्यावरच रचलेला कोळसा खाणीतील टाकाऊ मालाचा सात क्रमांकाचा ढीग पावसाने भिजून सकाळी सव्वानऊच्या सुमारास खाली घसरला आणि नुकतीच हजेरी सुरू झालेल्या पँटग्लास शाळेवर कोसळला. ११६ मुले व २८ प्रौढ, असे १४४ जण त्यात दगावले.

पहिला प्रश्न असा की, वेल्श भाषेत एकेरी ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होत असल्याने या गावाचे नाव ‘अ‍ॅबरव्हॅन’ लिहावे, की ‘अ‍ॅबरफॅन’ हेच ठेवावे? दुसरा प्रश्न चंद्रपूर-वणीकडील सदस्यांना आहे : खाणीबाहेर रचलेल्या अशा ढिगाला तुमच्याकडे बोलताना काय म्हणतात? ‘कचऱ्याचा ढीग’ म्हटले की डोळ्यांसमोर उकिरडा येतो, आणि तो डोंगराएवढा, काळा, ओला ढीग त्यात मुळीच दिसत नाही.