तुंबाड कापडी पडद्यावर गचकला, चूक पिक्चरची का आपल्या सामानाची?

कापूसवेचा (प्रश्न)

गावात समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत महिन्याला एक सिनेमा लावतो. मागच्या खेपेला 'नाळ' (२०१८) लावला, लहानथोर कोणी शेवटपर्यंत जागचं हललं नाही. या खेपेला 'तुंबाड' (२०१८) लावला तर अर्ध्यातच लोक सतरंज्या झटकून उठले. "काही दिसूनच नाही राहिलं, अन् बोलतात काय तेही समजत नाही," हीच तक्रार. आता मंडळात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते पिक्चरच गावात लावायचा नव्हता, दुसरी म्हणते सामान बेकार.

सामान असं: ३३०० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लॅम्पवाला डीएलपी (चिपवरून चित्र फेकणारा) प्रोजेक्टर, २० बाय १२ फुटांचा शिवून घेतलेला पांढरा कापडी पडदा, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर, लग्नात लावतात ते दोन डीजे बॉक्स आणि मागच्या लोकांसाठी एक भोंगा. पडद्यापासून तीसेक फुटांवर ग्रामपंचायतीचा एलईडी लाइट आहे. दीडशेक लोक येतात. पुढं 'कोर्ट' (२०१४) अन् 'झुंड' (२०२२) लावायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

उजेडवाला

दोन्ही पार्ट्या अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत. प्रोजेक्टर काळा रंग फेकत नाही. पडद्यावर काळं दिसतं म्हणजे तिथं उजेड पडत नाही, एवढंच. तीस फुटांवरच्या लाइटाचा उजेड पडद्यावर आला की तुमचा सगळ्यात गडद काळा म्हणजे त्या लाइटात राखाडी दिसणारं कापड. 'नाळ'मध्ये बराचसा मामला दिवसाउजेडी, उघड्यावरचा, त्यात हे खपून जातं. 'तुंबाड'मध्ये पाऊस, अंधारा वाडा, कंदिलाच्या उजेडात दिसणारा अर्धा चेहरा. पंकज कुमारचं छायाचित्रण सगळं त्या अंधाराच्या छटांवर उभं आहे. त्या छटाच राखाडीत बुडाल्या, मग माणूस पाहील काय?

आता पडद्याचा हिशेब. २० बाय १२ म्हणजे २४० चौरस फूट. ३३०० ला २४० ने भागलं की पावणेचौदा फूट-लँबर्ट, म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडं येणाऱ्या उजेडाचं माप. थिएटरात १४ धरतात, म्हणजे कागदावर तुम्ही पास. पण ३३०० हा आकडा 'ब्राइट' मोडचा असतो, ज्यात चेहरे हिरवट दिसतात. सिनेमा मोडवर आलात अन् लॅम्प हजार-दीड हजार तास चाललेला असला तर हाती निम्मा उजेड राहतो. त्यात पातळ कापडातून थोडा उजेड मागं निघून जातो. पडद्याच्या मागं जाऊन पाहा, तिथंही पिक्चर दिसत असेल तर तेवढा उजेड वाया.

तेव्हा पडदा १२ बाय पावणेसात फुटांवर आणा. ८१ चौरस फूट झाला. निम्म्या उजेडातही २० फूट-लँबर्टपर्यंत मिळतात. कापडामागं काळं कापड किंवा काळी ताडपत्री चिकटून लावा. दीडशे लोकांना हा पडदा पुरतो. शेवटची रांग चाळीस फुटांच्या आत ठेवा अन् लोकांना रुंदीत बसवा. मोठ्या पडद्याची हौस सगळ्यांना असते, पण फिकट मोठ्यापेक्षा ठसठशीत लहान कधीही बरा.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. एका चिपच्या डीएलपीत रंगांचं चाक फिरतं अन् त्यात बहुतेक वेळा पांढऱ्याचीही एक फाक असते. ३३०० लुमेन हे पांढऱ्याचे. रंगाचे त्याच्या निम्मेही भरत नाहीत, अन् लाल सगळ्यात आधी मरतो. 'तुंबाड'च्या शेवटी देवीच्या गर्भात, जिथं हस्तर हा हावरा देव असतो, सगळंच लाल आहे. तुमच्या पडद्यावर ते विटकरी दिसलं असेल. 'ब्रिलियंट कलर' नावाची सेटिंग कमी करा, लाल सुधारतो. एकूण उजेड थोडा घटेल, तो लहान पडद्यानं भरून निघेल.

फाइलही तपासा. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला धरणारी) फाइल साध्या प्रोजेक्टरवर नीट बदलून नाही आली तर धुतल्यासारखी, मळकट दिसते. साधी एसडीआर फाइल घ्या. अन् लॅपटॉप 'फुल' रेंज (काळ्या-पांढऱ्याचा पूर्ण पल्ला) पाठवतो, प्रोजेक्टर 'लिमिटेड' समजून बसतो, असं झालं की सावल्या काळ्याठिक्कर पडतात. दोन्हीकडं एकच ठेवा. एवढ्यावरही अंधारातलं दिसलं नाही तर गॅमा (मधल्या छटा किती गडद ते ठरवणारी सेटिंग) २.२ वरून २.० करा, त्याखाली नको. लोक घाईत ब्राइटनेस वाढवतात. त्यानं सावल्या उजळत नाहीत, फक्त काळा आणखी राखाडी होतो.

लाइटाचं ग्रामपंचायतीला सांगून तेवढ्या वेळापुरता बंद करून घ्या. नाही जमलं तर पडद्याची पाठ लाइटाकडं करा. मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या आसपास बुडतो, साडेसातच्या आत लावूच नका. पौर्णिमेच्या आगंमागं अंधारे पिक्चर नको.

भोंगेवाला

चित्राचं उजेडवाले भाऊंनी सांगितलं, आता आवाजाचं आयका.

आपल्याकडचा माणूस दिसन्याचं एखांद वेळी माफ करते, आयकू न येनं माफ नाही करत. झाडीपट्टीतलं नाटक पाहून जो मोठा झाला त्याले मागच्या रांगेतही शब्द न शब्द पायजे.

पहिली चूक बॉक्सची. डीजे बॉक्स बेससाठी असते. संवादाचा जीव २००० ते ४००० हर्ट्झमंधी, अन् तुमचा बॉक्स दनके देते १०० च्या खाली. मिक्सरवर १२० च्या खालचं सगळं कापा, २५० ते ४०० च्या मंधात ३ डेसिबल उतरवा, ३००० ले ३ चढवा. बॉक्स पडद्याच्या दोन बाजूले, हॉर्न बसलेल्या मानसाच्या डोक्याच्या वर, पन तोंड मागच्या रांगेकडं थोडं खाली झुकवून. समोर समाजमंदिराची भिंत असन तर बॉक्स तिच्यावर सरळ मारू नका, आवाज उलटून येते अन् शब्दावर शब्द चढते.

दुसरी चूक भोंग्याची. आवाज सेकंदाले ३५० मीटर जाते. भोंगा पन्नास फूट मागं असन तर मागच्यांले पहिले भोंगा आयकू येते, मंग ४०-४५ मिलिसेकंदानं बॉक्स. एकच वाक्य दोनदा. मिक्सरमंधी डिले (आवाज उशिरा सोडायची सोय) असन तर भोंग्याले तेवढा द्या, नसन तर भोंगा काढून ठेवा. चाळीस फुटांत दोन बॉक्स मायंदाळ झाले.

तिसरी अन् सगळ्यात मोठी, फाइलमंधला ५.१ आवाज, म्हंजे सहा वेगळे चॅनल. संवाद असते मंधल्या चॅनलमंधी, पाऊस-संगीत बाकीच्या पाचांत. लॅपटॉपचं सेटिंग ५.१ वर राहिलं अन् तुमी डावा-उजवाच बॉक्स लावला तर मंधला चॅनल कुठंच निघत नाही. पाऊस धो-धो आयकू येते अन् मानूस नुसता ओठ हलवते. पहिले विंडोजच्या साउंड सेटिंगमंधी स्पीकर स्टिरिओ करा. मंग व्हीएलसीत ऑडिओ, स्टिरिओ मोड, मोनो. मोनोच ठेवा, कडेले बसलेल्याले दोन्हीकडचं आयकू येते. त्यानंतर कंट्रोल अन् ई दाबा, कॉम्प्रेसर चालू करा. कुजबुज वर येते, किंकाळी खाली बसते. फार ओढू नका, नाहीतर पावसाचा आवाजही संवादाएवढा होते.

ब्लूटूथनं बॉक्स जोडू नका. आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येते, ओठ आधी अन् शब्द मागून. तार नसनच तर व्हीएलसीत 'जे' बटन दाबा, एका दाबाले आवाज ५० मिलिसेकंद पुढं सरकते, चार-पाच दाब लागतीन.

गुंगुं आवाज येत असन तर लॅपटॉपचं चार्जर काढून पाहा. थांबला तर अर्थिंगचा लूप आहे, आवाजाच्या तारेच्या मंधात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लूप तोडनारी डबी) टाका. थ्री-पिनची अर्थिंगची पिन मोडायचा शायनेपना कोनी करू नका, पावसाळी जमिनीवर उभा राहून माइक धरनारा मानूस जाईन.

कापूसवेचा

विंडोजचं सेटिंग खरंच ५.१ वर होतं. स्टिरिओ केल्यावर 'तुंबाड'मधली आजी पहिल्यांदा बोलली म्हणायची! आता दोन शंका. ओटीटीवरून लावायला गेलो तर आवाज येतो, पडदा काळा. अन् आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज १७० च्या खाली जातं, मधातच प्रोजेक्टर बंद पडतो.

तालुका_टॉकीज

काळा पडदा हा बिघाड नाही, एचडीसीपी नावाचं कुलूप आहे. मधातली जुनी केबल, स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर त्याला ओळख देत नाही, मग चित्र अडवलं जातं. ते कुलूप उघडायच्या नादी लागू नका, कारण घरचं सबस्क्रिप्शन घरच्यापुरतंच असतं. चौकात दाखवायला निर्माता किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. पत्रात गाव, तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक आणि 'विनातिकीट' हे लिहा, अन् फाइलही त्यांच्याकडूनच मागा. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी, अन् रात्री १० नंतर उघड्यावर तो बंद म्हणजे बंद.

त्यावरूनच 'झुंड'चं सांगतो. पिक्चर तीन तासांना दोन मिनिटं कमी. साडेसातला लावला अन् दहा मिनिटांची सुट्टी दिली तर संपायला साडेदहा वाजून जातात. म्हणून तो मे महिन्यात नको, डिसेंबरात लावा. तेव्हा साडेपाचलाच सूर्य जातो, साडेसहाला सुरू, पावणेदहाच्या आत खेळ खलास. शिवाय तो गावात चालेलच. नागपूरची भाषा, ओळखीची पोरं, आणि पूर्वार्धातला फुटबॉलचा सामना चौकातच पाहावा असा आहे. उत्तरार्धात कागदपत्रं-पासपोर्टची धावपळ येते तिथं गती मंदावते, लहान पोरं तेव्हाच पेंगतील. पण दाखला मिळवायला तहसिलीत खेटे घातलेल्या माणसाला तोच भाग जास्त लागेल, मला तरी तोच आवडतो.

'कोर्ट' उघड्यावर लावू नका. सिनेमा थोर आहे, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. पण कॅमेरा लांब, एका जागी, माणसं चौकटीत बोटभर. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात वाचते, आणि विनोद नेमका त्या एकसुरीपणात आहे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी सरमिसळ, म्हणजे खालच्या ओळी वाचाव्या लागणार, आणि बारा फुटांच्या पडद्यावर मागच्या रांगांना त्या वाचायला जड जातात. शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना पोती लावून, पन्नास जणांसाठी लावा अन् नंतर गप्पा ठेवा.

पांदणवाट

'तुंबाड' गावात लावायचा नव्हता हे काही पटत नाही. कणकेच्या बाहुल्या, हस्तरच्या कंबरेचं धोतर, गाडलेल्या धनाची हाव, हे गावाला समजावून सांगावं लागत नाही. गावोगावी एखाद्या पडक्या गढीत हंडा असल्याची गोष्ट असतेच. लोक उठले ते त्यांना आजीचा चेहरा दिसला नाही अन् शब्द कळला नाही म्हणून. बंद हॉलमध्ये परत लावून पाहा. फक्त बारक्या पोरांना घरी ठेवा, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र उगाच नाही.

'गाभ्रीचा पाऊस' (२००९, सतीश मनवर) कोणी सुचवला नाही म्हणून मी सुचवते. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर एक बायको आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, लेकराला त्याच्या मागं-मागं धाडते. गोष्ट जीवघेणी, पण प्रसंग हसवणारे, आणि हसता हसता घास अडकतो. लावायच्या आधी एकच करा: गावात ज्या घरात असं झालं आहे त्या घरी जाऊन सांगा. त्यांना अचानक समोर यायला नको.

उजेडवाला

व्होल्टेजचं राहिलं होतं. साधा स्टॅबिलायझर घेताना किती खालच्या व्होल्टेजपासून काम करतो ते पाहा, १४० पासूनचा घ्या. त्याहून बरं म्हणजे इन्व्हर्टरवर चालवा. प्रोजेक्टर ३०० वॅट, लॅपटॉप ६०, मध्यम आवाजात अ‍ॅम्प १००, मिळून ४६० वॅट. १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी हिशेबानं १८०० वॅट-तासांची, पण हजाराच्या वर काढली तर लवकर मरते. म्हणजे दोन तास पक्के. 'झुंड'ला दोन बॅटऱ्या, त्याही २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर, साध्या घरगुती १२ व्होल्टवाल्यावर नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनच्या विजेसारखी वीज देणारा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅम्प भुणभुणतो.

वीज गेल्यावर लॅम्पवाला प्रोजेक्टर लगेच चालू करू नका. तापलेला लॅम्प पंख्याविना राहिला की त्याचं आयुष्य घटतं. पाच मिनिटं थंड होऊ द्या.

पडद्याला चारी बाजूंनी बांबूची चौकट करा, दर दीड फुटाला कडी, दोरी खालच्या बाजूला थोडी सैल. सगळीकडून ताणली तर पडदा शिडासारखा हवा धरतो अन् बांबूसकट येतो. पायाला मातीनं भरलेली खताची पोती, प्रत्येक बाजूला तीन.

भोंगेवाला

अन् पावसाळा उतरता असन तर प्रोजेक्टरपासून पंधरा-वीस फूट दूर, बाजूले, एक पांढरा बल्ब लावून ठेवा. पाखरं तिकडं जातीन. नाहीतर लेन्सवर बसलेला एक किडा पडद्यावर कोंबड्याएवढा दिसते, अन् लोक पिक्चर सोडून त्यालेच पाहत बसते.