स्वभाव रक्तातून येतो की घरातून?

यावलची आई:
माझा धाकटा आठ वर्षांचा, राग आला की ताट सरकवतो अन् ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतो, सासरे हुबेहूब असेच करायचे, अन् ते तर हा जन्मायच्या आधीच गेले. मग हा शिकला कुठून? मोठा एकदम शांत, घर तेच, वळण तेच.

भुसावळकर:
ताई, रक्ताचा वाटा असतोच. अमेरिकेत मिनेसोटाला १९७९ पासून वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, एकसारख्या जुळ्यांचे स्वभाव बरेच जुळले. तरी अनुवंशाचा वाटा साधारण निम्माच धरतात, अन् तोही माणसामाणसांतल्या फरकाचा, एकट्या पोराचा हिशोब त्यातून निघत नाही.

केळीबाग:
आमची टिश्यूकल्चरची केळी बघा ना, रोपं सगळी एकसारखी, पण बांधाकडे पाणी कमी पोचतं तिथला घड हलकाच भरतो. आणि ताई, घरात 'आजोबांवर गेला' म्हणता का त्याच्यासमोर?

यावलची आई:
म्हणतो भाऊ, रोज म्हणतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. काल तो रुसला तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या शेजारी शेंगा सोलत बसल्या, थोड्या वेळात तोही सोलायला लागला.