हेलिकॉप्टर किती वजन उचलतं ते नंतर, आधी त्याचे पार्ट कुठून येणार ते बघा

अमेरिकी चिनूक हेलिकॉप्टर 10-11 टन उचलतं आणि रशियन मी-26 चक्क 20 टन, मग आपल्या वायुदलानं आणखी मी-26च घ्यायला हवी होती, असं वर एका भाऊंनी लिहिलंय. आकडे बरोबर आहेत. पण मी-26चं डी-136 इंजिन बनतं युक्रेनच्या झापोरिझ्झियात. 2014 नंतर युक्रेननं रशियाला लष्करी पुरवठा बंद केला, म्हणून रशिया आता त्या जागी स्वतःचं पीडी-8व्ही इंजिन तयार करतोय. आपल्या वायुदलाची मी-26 ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) रखडल्यानं वर्षानुवर्षं उभी राहिली, ताकद कमी होती म्हणून नव्हे.

चिनूकही याला अपवाद नाही. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी लष्करानं स्वतःच्या सगळ्या चिनूकची उड्डाणं थांबवली. कारण इंजिनातल्या ओरिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल सील! ठरलेल्या दर्जाच्या नसलेल्या ओरिंगमधून इंधन गळून आगी लागत होत्या. आमच्याकडे दारव्ह्याच्या बाजूला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. लिफ्टची ओरिंग चिरली की उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो, इंजिन कितीही एचपीचं असो. इथे तर आत जवान बसलेले असतात.

एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीचं आयएमआरएच हे देशी हेलिकॉप्टर येईल तेव्हा येईल. तेही एकूण वजनच 13 टन असलेलं, म्हणजे मध्यम गटातलं. वायुदलाची मेंटेनन्स कमांड आपल्या नागपुरातच आहे. सील, होज, बेअरिंग असे भाग नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत बनवून, कडक तपासणी करूनच घ्यावेत, आणि कामाला आपल्या आयटीआयची पोरं घ्यावीत. हे आत्तापासूनच व्हायला पाहिजे.