'एक्सएमएल मेलं' म्हणणाऱ्यांनो, आधी एक डॉकएक्स फाइल उघडून बघा

कोनीकंस
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "एक्सएमएल शिकण्यात सेमिस्टर वाया घालवू नका, जेसन पंधरा मिनिटांत येतं." खाली अंगठ्यांची रांग. ते वाचून माझ्या पुतणीने तो धडाच ऑप्शनला टाकला. म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोनी कंसांतली उघडणारी-मिटणारी खूण (टॅग) लावून माहिती साठवायची पद्धत; जेसन त्याच कामाची, पण 'नाव: मूल्य' अशा जोड्यांची.

कुठल्याही डॉकएक्स (वर्डच्या) फाइलची प्रत काढा, शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत बसलंय ते एक्सएमएल. ईपब पुस्तकं तशीच, एसव्हीजी चित्रं तर थेट एक्सएमएलच. आधारची ऑफलाइन ई-केवायसी उतरवा, आत डिजिटल सही केलेलं एक्सएमएलच. टपरीवर चहाचे दहा रुपये यूपीआयने देता, तो निरोपही याच कोनी कंसांतून जातो. फेब्रुवारी १९९८ ची ही गोष्ट. मेली असती तर एव्हाना तेरावं उरकलं असतं.

आणि मध्येच दोन शब्द ठळक, एक तळटीप, एक दुवा असलेला परिच्छेद जेसनमध्ये लिहून दाखवा. दाखवाच.

जेसनचा_जावई
नाही दाखवत, मी तो मार्कडाउनमध्ये (तारांकनांसारख्या साध्या खुणांच्या लिखाणात) लिहीन. ताई, आत एक्सएमएल आहे हे मान्य. पण ते हाताने लिहितं कोण? नळाला पाणी येतं म्हणून घरातल्या प्रत्येकाने प्लंबिंग शिकायचं का? जीएसटीचं रिटर्न जेसनमध्ये जातं. आयकराची युटिलिटीसुद्धा एक्सएमएल सोडून जेसनवर आली. सरकार हललं, तुम्ही हलेनात.

शिवाय त्या एन्टिटी, म्हणजे मजकुराऐवजी लिहायची लघुनावं! एकीच्या पोटात दहा, त्या प्रत्येकीच्या पोटात आणखी दहा. बेसावध पार्सरला (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला) दिली तर एक केबीची फाइल ३ जीबी मेमरी गिळते. हे शिकवायचं पोरांना?

खतावणी
जेसनवाल्यांनो, तुमच्या फाइलमध्ये माणसांसाठी कॉमेंट (टीप) का लिहिता येत नाही ते आधी सांगा. मग आमच्याकडे बोटं दाखवा.

माझा अनुभव. ३१ मार्चची रात्र, एक्सेलमधली व्हाउचर टॅलीत चढवत होतो, एक्सएमएल बनवणारा मॅक्रो माझाच. फाइल आत जाईना. हजारभर नोंदी, चूक कुठे ते कळेना. पहाटे दोनला सापडलं: एका पार्टीच्या नावात '& सन्स'. नुसतं '&' एक्सएमएलला चालत नाही, त्याच्या जागी पाच अक्षरांचं सोंग लागतं. हे कॉलेजात शिकलो असतो तर बायकोचा वाढदिवस चुकला नसता. (१ एप्रिल. हसू नका.)

जेसनचा_जावई
म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत, काका. एका चिन्हासाठी हजार नोंदी दारात उभ्या! एचटीएमएलमध्ये (वेबपानांच्या भाषेत) टॅग मिटायला विसरलात तरी ब्राउझर सांभाळून घेतो. हीच सोवळी शिस्त एक्सएचटीएमएलने (एचटीएमएलच्या एक्सएमएल अवताराने) वेबवर लादायला पाहिली, आणि २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चा गाशा गुंडाळला.

खतावणी
सांभाळून घेतलेला हिशोब तुम्ही ऑडिटला दाखवा, मी नाही दाखवणार.

मुद्रितशोधक
थोडं अवांतर. टॅगचं नाव देवनागरीत चालतं, अगदी पहिल्या आवृत्तीपासून. <ओवी>, <अभंग> असे सरळ टॅग करता येतात. तरी आपली मंडळी रोमनमध्ये 'ओवी' लिहिणार. का? न्यूनगंड.

दुसरं दुखणं जुन्या फॉन्टांचं. एका लेखकाने कृतिदेवमधला (इंग्रजी चिन्हांवर देवनागरी अक्षरं चढवणाऱ्या फॉन्टातला) मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाठवला, तो एक्सएमएलमध्ये घातला. त्या फॉन्टात 'ढ' बसतो '<' च्या जागेवर. त्यामुळे 'आढावा', 'गाढव', 'आषाढ' अशा प्रत्येक शब्दात पार्सरला नवा टॅग उघडल्याचा भास! चारशे पानं. कोण 'ढ' ते तुम्हीच ठरवा.

न्यूजर्सीकर
देवनागरी टॅग? माझ्या टीममधला पोलिश मुलगा <ऱ्हस्व> कसं टाइप करणार? आणि ऱ्ह दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा ऱ, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. उघडणारा टॅग एका पद्धतीचा, मिटणारा दुसऱ्या, की फाइल गेली. डोळे फुटले तरी फरक दिसणार नाही.

मुद्रितशोधक
मुळात शब्द 'ह्रस्व' आहे.

न्यूजर्सीकर
शाळेत 'ऱ्हस्व' शिकवलंय मला. मराठीत तेच रूढ आहे.

मुद्रितशोधक
रूढ चुकाही असतात. अमेरिकेत गेलं की बाराखडीही डॉलरमध्ये मोजतात वाटतं.

न्यूजर्सीकर
बाराखडी माझ्या आजीने शिकवलीय, दापोलीला. तिच्यावर घसरू नका.

कोनीकंस
अहो! धागा कशावर आहे? पुतणीची परीक्षा सोमवारी आहे आणि इथे चार प्रतिसाद 'ह्र'वर!

खतावणी
एक्सएमएलमध्ये लिहिला असता तर वाद कुठे सुरू झाला आणि कुठे मिटला ते तरी कळलं असतं. दिवे घ्या (गंमत होती).

जेसनचा_जावई
उघडली डॉकएक्स. माझाच रेझ्युमे. एका 'व्यवस्थापन' शब्दाचे तीन तुकडे करून ठेवलेत, आणि ठळकपणा दोनदा नोंदवावा लागतो, एकदा रोमनसाठी आणि एकदा आपल्या लिपीसाठी. नावात मात्रा का हलते, फक्त इंग्रजी शब्दच का ठळक होतात, हे दोन वर्षांचं कोडं होतं. त्यातलं ठळकचं तरी सुटलं. बरं, वाचता यायला हवं, इतपत मानतो. लिहिणार नाही ते नाहीच. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

कोनीकंस
एवढंच तर म्हणत होते. पुतणीला पाठवते.

मुद्रितशोधक
'ह्रस्व'.